डॉलरचा गुणाकार सगळ्यात शेवटी

परदेशातल्या घरखर्चाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. गंमत म्हणजे न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियाबद्दल जवळजवळ कोणीच विचारलं नाही. बहुतेकांची मुलं-मुली आहेत ती इंडियाना, इलिनॉय, आयोवा अशा राज्यांतल्या लहान गावांत. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कंपन्यांची मूळ घरं अशाच गावांत आहेत, निदान काही कंपन्यांची, त्यामुळे ते साहजिकच आहे. मी सारी नोकरी बँकेत काढली. मधली काही वर्षं बिनपगारी रजा घेऊन नवऱ्याच्या बदलीपायी इंडियानात संसार केला. 2025 च्या आसपासचे दर तिथं असलेल्या भाच्याकडून तपासून घेतले आहेत. तो बिचारा आता माझा फोन उचलायला बिचकतो.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कर्वेनगरला राहणारा निवृत्त मुख्याध्यापक. कंपनीने मुलाला गेल्या वर्षी एल-1 व्हिसावर इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी पाठवलं. पगार वर्षाला 78,000 डॉलर. बरोबर सून आणि चार वर्षांची नात. डॉलरला 86 रुपये धरले तर वर्षाचे 67 लाख होतात, म्हणजे महिना साडेपाच लाखांच्या वर. बावधनला एक फ्लॅट पाहिला आहे, हप्ता दीड लाखाचा. मुलगा म्हणतो, झेपणार नाही. गाव तर जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. मग पैसे जातात कुठे? मुलाला स्पष्ट विचारावं का?

सर, विचारू नका. आधी हे वाचा, मग वाटलं तर विचारा.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, फक्त तो तुम्ही आधी केलात. 86 चा आकडा लागू होतो तो मुलाच्या हातात सगळं भागवून जे उरेल त्याला. घरभाडं तो डॉलरमध्ये देतो, दूध डॉलरमध्ये घेतो, आणि घरमालकाला आपल्या रुपयाशी काही देणंघेणं नसतं. तेव्हा आधी सगळी वजाबाकी डॉलरमध्येच करू.

करापासून सुरुवात. 2025 साठी नवरा-बायकोने एकत्र विवरण भरलं तर 31,500 डॉलरची सरसकट वजावट मिळते. उरलेल्या 46,500 वर केंद्राचा कर होतो साधारण 5,100. सोशल सिक्युरिटीचे (तिथल्या सरकारी पेन्शनचे) 6.2 टक्के आणि मेडिकेअरचा (म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) 1.45 टक्का मात्र पूर्ण पगारावर कापतात, म्हणजे आणखी 5,967. (भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही. साधारण दहा वर्षांची कपात झाल्याशिवाय तिथलं पेन्शन मिळत नाही. चार-पाच वर्षांनी परत येणाऱ्याचे हे पैसे देवाला वाहिले असं समजायचं.) त्यानंतर इंडियाना राज्याचा 2025 मध्ये 3 टक्के कर, आणि त्याच्याखाली काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा, वेगळा. काउंटीचे साधारण 1,500 धरले तर सगळे मिळून गेले 14,800 च्या आसपास.

पुढचा आकडा आरोग्यविम्याचा. विमा कंपनी देते असं आपण इथं म्हणतो, पण हप्त्यातला वाटा पगारातून जातो. 2024 साली अमेरिकेत कुटुंबाच्या विम्यासाठी नोकरदाराचा वाटा सरासरी 6,300 डॉलरच्या जवळ होता. तोच धरू. आता हातात राहिले 56,900. महिन्याची सरासरी काढली तर 4,740.

यातही एक खोच आहे. तिथं बऱ्याच ठिकाणी पगार दर दोन आठवड्यांनी होतो, वर्षाला 26 वेळा. म्हणजे दहा महिन्यांत दोन-दोन पगार आणि दोन महिन्यांत तीन-तीन. शहाणी माणसं घर दोन पगारांवर चालवतात आणि ते दोन जादाचे पगार बाजूला टाकतात. तुमच्या मुलाला एवढंच विचारा की तिसऱ्या पगाराचं काय करतोस. उत्तरावरून तो उधळ्या आहे की हिशेबी, ते तुम्हाला कळेल. शिक्षक आहात, चेहरा न बघताही कळेल.

आता गाव. कोलंबस म्हटलं की कोथरूड-कर्वेनगरच्या माणसाला कमिन्स ही इंजिनं बनवणारी कंपनी आठवतेच. 1919 मध्ये ती तिथं सुरू झाली आणि 1962 पासून ती पुण्यात आहे. तुमचा मुलगा कुठल्या कंपनीत आहे ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. पण या कंपनीमुळे ते गाव मक्याच्या शेतांच्या मधोमध असूनही वेगळं झालं आहे. शाळा आणि सार्वजनिक इमारतींसाठी मोठमोठे वास्तुविशारद बोलावले गेले आणि त्यांची फी कंपनीच्या फाउंडेशनने दिली. एलिएल सारिनेन यांचं 1942 चं चर्च तिथं आहे आणि आय. एम. पेई यांनी बांधलेलं 1969 चं ग्रंथालय. ते ग्रंथालय म्हणजे फुकटात मिळणारं सर्वात मोठं सुख. पुस्तकं, मुलांचे गोष्टींचे तास, हिवाळ्यात बसायला ऊबदार खुर्ची. नातीला तिथं नेतात का, हे जरूर विचारा.

लहान गावात खरी स्वस्ताई एकाच गोष्टीत असते, जागेत. अमेरिकन सरकारच निरनिराळ्या भागांतल्या किमतींची तुलना छापतं. देशाची सरासरी 100 धरली तर कॅलिफोर्निया बरंच वर जातं आणि इंडियाना शंभराच्या खाली राहतं. हा फरक मुख्यतः भाड्याचा आहे. दोन बेडरूमचं अपार्टमेंट तुमच्या मुलाला 1,400 च्या आसपास मिळालं असेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला त्याच जागेला दुपटीहून जास्त पडले असते. पण मोबाइलचं बिल, इंटरनेट, गाडी, टायर, विमानाचं तिकीट, यांना गाव लहान आहे हे ठाऊक नसतं. त्यांचे दर सगळीकडे तेच. उलट गाव लहान म्हणून काही गोष्टी महागच पडतात, आणि त्यात पहिली गाडी.

कोलंबसला बससेवा आहे, पण तिच्या भरवशावर नोकरी, पाळणाघर आणि किराणा होत नाही. गाडी ही तिथं चैन नव्हे, ती पायातली चप्पल आहे. नव्या माणसाची क्रेडिट हिस्टरी कोरी असते. इथं तुम्ही तीस वर्षं कर्ज वेळेवर फेडलं असेल, तिथल्या यंत्राला ते दिसत नाही. त्यामुळे गाडीच्या कर्जाचा व्याजदर चढा लागतो. गाडीच्या विम्याचंही तेच. तिथला परवाना नवा, म्हणून हप्ता जास्त. इंडियानात निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि कर्जाने घेतलेल्या गाडीला बँक पूर्ण विमा मागतेच. कर्जाचे 400 आणि विम्याचे 180 धरा. पेट्रोल मात्र आपल्यापेक्षा स्वस्त. गॅलन म्हणजे 3.785 लिटर. गॅलनला तीन डॉलर पडले तर लिटर 68 रुपयांना. पण अंतरंच अशी आहेत की महिन्याचे 120 डॉलर तरी जळतात. इंडियानापोलिस शहर तिथून सत्तरेक किलोमीटर. हापूसचा डबा असो की देवळातला गणपती, गाडी काढायलाच लागते.

खाण्याचं बिल बघून तुम्ही सुनेवर रागावू नका. इंडियानात किराण्यावर विक्रीकर नाही, बाकी जवळजवळ सगळ्यावर 7 टक्के आहे आणि तो छापील किमतीत धरलेला नसतो. 9.99 चा डबा घेऊन दहाची नोट पुढे केली की काउंटरवरची मुलगी आणखी पैसे मागते. दुधाचा गॅलनचा कॅन स्वस्तच म्हणायचा. अंडी बेभरवशाची. बर्ड फ्लूमुळे कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा मार्च 2025 मध्ये डझनाची देशभरातली सरासरी 6.23 डॉलरवर गेली होती. ऑल्डीसारख्या दुकानात ढकलगाडी हवी असेल तर आधी 25 सेंटचं नाणं तिच्या खाचेत घालायचं. गाडी जागेवर नेऊन साखळी लावली की नाणं बाहेर येतं. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी गाड्यांत त्या नाण्यासाठी राखीव खोबण असायची, आणि ते नाणं दुसऱ्या कशाला खर्चलं की घरात बोलाचाली व्हायची. तूरडाळ, पोहे, गूळ, ताजी मेथी यांचे भाव बाजूला ठेवा. तिघांच्या खाण्याचे 700 समजा.

आता डॉक्टर. इथं माझ्या भाच्याने पाठवलेला एक कागदच तुमच्यापुढे ठेवते. त्याच्या मुलीचा रविवारी कान दुखला. जवळच्या दवाखान्यात नेलं, दहा मिनिटं तपासलं, औषध लिहून दिलं. काही दिवसांनी विमा कंपनीकडून कागद आला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, ‘हे बिल नाही’. खाली रकाने. दवाखान्याने लावलेली रक्कम 340 डॉलर. विमा कंपनीच्या करारामुळे सूट 155. विम्याने दिले शून्य. तुमच्याकडून येणे 185. विमा असून शून्य का, तर त्यांचं डिडक्टिबल 3,000 होतं. वर्षातले पहिले तीन हजार स्वतःच्या खिशातून गेल्याखेरीज विमा तोंड उघडत नाही. मग तीन आठवड्यांनी खरं बिल आलं, 185 चं. वार्षिक तपासणी आणि लसी मात्र सहसा फुकट असतात. विमा कितीही चांगला असला तरी महिन्याला 150 बाजूला ठेवावेच लागतात, कारण अडीअडचणीचा वरचा आकडा मोठा आहे. 2025 साठी कायद्याने घातलेली खर्चाची कमाल मर्यादाच मुळी एका माणसाला 9,200 आणि कुटुंबाला 18,400 डॉलर होती, तीही फक्त विम्याच्या यादीतल्या डॉक्टरांकडे गेलात तर.

वीज, पाणी आणि हिवाळ्यात घर तापवायचा गॅस यांचे मिळून 200. फोन-इंटरनेट 150. भाडेकरूचा विमा 15. कपडे, वाढदिवस, कधीतरी बाहेर जेवण असे 300. सगळी बेरीज होते 3,615. उरतात 1,125. आता गुणाकार करा, सर. 96,750 रुपये.

यात नातीची प्री-स्कूल धरलेली नाही. पाच वर्षांची झाली की सरकारी शाळेत फी नाही. इंडियानात 2023 च्या कायद्यापासून क्रमिक पुस्तकांचेही पैसे घेत नाहीत, आणि पिवळी बस दाराशी येते. पण तोवर पूर्ण दिवस ठेवायचं तर नऊशे-हजार डॉलर महिना लागतात. म्हणजे शिल्लक जवळपास साफ. त्यातून तिघांची डिसेंबरची तिकिटं काढली की बघायलाच नको.

तुमच्या घराला एक बाजू मात्र चांगली आहे. एल-1 वाल्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर 2021 पासून वेगळी परवानगी न काढता नोकरी करता येते. एच-1 या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांच्या बायकांना हे भाग्य सहजी मिळत नाही. सुनेची इच्छा असेल आणि गावात तिच्या कामाचं काही असेल, तर घराचा नूर पालटतो. पण मग दुसरी गाडी आणि ते पाळणाघर आलंच. पहिल्या वर्षी तिचा बराचसा पगार त्यातच जाईल. तरी तिला जाऊ द्या. लहान गावात हिवाळ्याचे चार महिने घरात बसणं हाही खर्चच आहे, आणि तो कुठल्या वहीत मांडता येत नाही.

फ्लॅटबद्दल माझं मत : दीड लाखाचा हप्ता नको. एल-1 ची मुदत पाच, फार तर सात वर्षांची. कर्ज वीस वर्षांचं. मुलगा परत आल्यावर पुण्याच्या पगारात जो हप्ता निघेल तेवढाच घ्या. अमेरिकेतल्या शिलकीतून वाटल्यास मुद्दल आधी फेडू दे. बावधनचा बिल्डर ‘एनआरआय आहे ना मुलगा?’ असं विचारेल. हो म्हणू नका. लगेच दर वाढतो.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहते. वय 66, रक्तदाबाची गोळी चालू. जूनमध्ये मुलाकडे सहा महिने जाणार आहोत. सूनबाई म्हणते विमा घ्याच, हे म्हणतात उगाच पैसे घालवायचे. आणि बरोबर काय न्यावं?

या वेळी सूनबाईचं ऐका. पाहुण्यांना तिथली मेडिकेअर लागू नाही आणि मुलाच्या विम्यात आई-वडील बसत नाहीत.

विमा घेताना जाहिरातीतली मोठी रक्कम बघू नका. दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, म्हणजे डॉक्टरला इतके, एक्स-रेला इतके. तो स्वस्त असतो आणि वेळ आली की अपुरा पडतो. दुसऱ्यात डिडक्टिबल भरलं की बिलाचा मोठा हिस्सा कंपनी देते. दुसराच घ्या. रक्तदाब आधीपासून आहे म्हणजे त्या संबंधातलं काय देणार आणि काय नाही, ते वाक्य यजमानांकडून मोठ्याने वाचून घ्या. पैसे घालवायचे नाहीत म्हणणाऱ्यांचे डोळे बारीक अक्षरात चांगले चालतात. सहा महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

आणि हे मुलाला आजच सांगून ठेवा : किरकोळ दुखण्याला अर्जंट केअर, छातीत दुखण्यासारखं गंभीर असेल तरच इमर्जन्सी. दोन्हींच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक असतो. अनपेक्षित बिलांपासून विमाधारकांना वाचवणारा कायदा 2022 पासून तिथं लागू आहे, पण रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला तो लागू नाही. अर्थात छातीत दुखत असेल तेव्हा हिशेब करत बसू नका, 911 फिरवा.

बरोबर न्यायचं म्हणाल तर कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या. तिथं मिळतात, पण आपल्या कुकरच्या मापाची मिळेपर्यंत वरण कच्चं खावं लागतं. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी न्या. कढीपत्त्याची जुडी, ताजी फळं, मटण-चिकनचं काहीही नको. तिथल्या विमानतळावर कस्टम्सला ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ हे खरं सांगा. सांगितलंत तर फार तर डबा उघडून बघतात किंवा काढून घेतात, लपवलंत तर दंड होतो. डाळ-तांदूळ नेऊ नका हो. तेवीस किलोची बॅग डाळीने भरून नेणाऱ्या बायका मी मुंबईच्या विमानतळावर पाहिल्या आहेत. तीच डाळ तिथल्या दुकानात असते आणि आपली पाठही शाबूत राहते.

दिवसा काय करायचं, तेही तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलं आहे. कोपऱ्यात कशाला? तोच खरा प्रश्न आहे. तुळशीबागेत पाय मोकळे करायची सवय असलेल्या बाईला तिथं दुपारी रस्त्यावर माणूसच दिसत नाही. मुलाला घर शोधतानाच सांगा की चालत जाण्यासारखं ग्रंथालय किंवा बाग जवळ असेल तर भाडं पन्नास डॉलर जास्त दे. सहा महिन्यांचे तीनशे. तुमच्या यजमानांना ही रक्कमही उगाच वाटेल. त्यांनाही चालायला न्या.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर राहते, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आयोवातल्या एम्सला पीएचडीसाठी प्रवेश मिळालाय. ट्यूशन माफ, आणि असिस्टंटशिपचे, म्हणजे विद्यापीठातल्या कामाचे, महिना 1,900 डॉलर, वर्षातले दहा महिने. बाबा विचारतात की तिकडून पैसे मागवशील की इथून न्यावे लागतील?

अभिनंदन. बाबांना सांग, नीट राहिलीस तर मागवावे लागणार नाहीत. पाठवायला मात्र उरणार नाहीत.

कराचं तुझं बरं आहे. एफ-1 या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात नसते. शिवाय भारत-अमेरिका आयकर करारातल्या 21 व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला ती सरसकट वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. 2025 साठी एकट्या माणसाला ती 15,750 आहे. पूर्ण वर्षाच्या तुझ्या 19,000 तून ती काढली तर केंद्राचा कर तीन-सव्वातीनशे डॉलर बसेल. आयोवाचा 2025 पासूनचा सपाट 3.8 टक्के वेगळा. विवरण भरताना 1040-एनआर हाच फॉर्म घे आणि कराराची ओळ भर. घाईत ती सोडणारी मुलं असतात.

एम्स आणि वरच्या सरांचं कोलंबस, दोन्ही लहान गावंच. पण विद्यापीठाच्या गावाचं गणित निराळं. एम्सला सायराइड नावाची बस आहे आणि ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्यांना तिकीट नाही. गाडी नको, म्हणजे गाडीचं कर्ज, विमा, पेट्रोल काहीच नको. महिन्याचे पाच-सहाशे डॉलर तरी तिथंच वाचले. तिघींनी मिळून घर घेतलंत तर वाट्याला पाचशे-सहाशे येतील. फक्त बसच्या मार्गावर घे, आणि भाडेकरार बारा महिन्यांचा असतो तर तुझा पगार दहा महिन्यांचा, हे सही करायच्या आधी लक्षात ठेव. उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांचं काय, हे गाइडला आत्ताच ईमेल करून विचार. लाजू नकोस, सगळे विचारतात. ट्यूशन माफ म्हणजे सगळीच फी माफ असंही समजू नकोस. आरोग्यविमा आणि इतर फी यांचा तक्ता विद्यापीठाकडून मागवून घे.

बाबांनी पहिल्या दोन महिन्यांची सोय करून द्यावी, कारण डिपॉझिट आधी जातं आणि पहिला पगार नंतर येतो. एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलं तर बँक वर टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाही, तेव्हा त्याची चिंता नाही. थंडीचा कोट लक्ष्मी रोडवरून घेऊन जाऊ नकोस. तिथं उणे वीस होतं. आपला कोट माथेरानपुरता.

प्रश्न : भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा तिथं लहान गावात घरच घेतलं तर? मुलगी म्हणते हप्ता भाड्याइतकाच बसतो. (बाणेर)

हप्ता बसतो भाड्याइतका. खर्च नाही बसत. इंडियानात राहत्या घराच्या मालमत्ता कराला सरकारी मूल्यांकनाच्या 1 टक्क्याची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट. तरी 2,80,000 च्या घराला वर्षाला 2,800 पर्यंत जाऊ शकतात, आणि शाळेसाठी मतदानाने बसवलेला कर त्याच्या वर. घराचा विमा, छप्पर, घर तापवायची भट्टी, हिरवळ कापायचं यंत्र, बर्फ ओढायचं फावडं, सगळं मालकाचं. 2025 मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा दर सहा टक्क्यांच्या वरच होता, त्यामुळे पहिली काही वर्षं हप्ता म्हणजे बहुतांशी व्याज. शिवाय एका कंपनीवर चालणाऱ्या गावात मंदी आली की सगळ्यांची घरं एकदमच विक्रीला निघतात. ग्रीन कार्ड हातात असेल आणि गाव मनापासून आवडलं असेल तर घ्यावं. नुसतं ‘भाडं वाया जातं’ म्हणून नको. भाडं वाया जात नाही हो, त्या बदल्यात माणूस राहतो तिथं.

प्रश्न : हॉटेलात टिप द्यावीच लागते का? जावई माझ्या देखत वीस टक्के देतो, जीव कळवळतो. (नारायण पेठ)

द्यावी लागते. वेटरचा किमान पगार केंद्राच्या कायद्याप्रमाणे तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेवढाच. इंडियानातही तोच. टिप धरून तासाचे 7.25 झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा, आणि ते 7.25 सुद्धा 2009 पासून हललेले नाहीत. म्हणजे वाढणाऱ्याचं पोट तुमच्या टिपेवरच आहे. बसून जेवलात तर पंधरा ते वीस टक्के. केस कापणाऱ्यालाही द्यायची. काउंटरवरून कॉफी उचलली आणि मुलीने टिप विचारणारा स्क्रीन तुमच्याकडे वळवला, तर ‘नो टिप’ दाबायला हरकत नाही. ती बघत असते, तरी दाबा. आणि जावयाबरोबर जेवायला गेलात की बिल आलं म्हणताच हात धुवायला उठा.